हेंद्रे मास्तरांची साक्ष

"शैला, कॉलर बघ गं जरा. बसलीय का नीट?"

कोर्टाच्या व्हरांड्यात दादा माझ्यापुढे मान वाकवून उभे होते. गावातल्या निम्म्या माणसांच्या कॉलरी ज्यांनी बसवल्या, ते माझ्याकडून स्वतःची कॉलर तपासून घेत होते. पांढरा शर्ट, राखी पँट, पॉलिश केलेल्या चपला आणि खिशाला पेन. हे दादांचे साक्षीचे कपडे. लग्नाकार्याचे वेगळे असत.

"बसलीय," मी म्हणाले.

"आज आत बसणार ना तू? का तांबोळीसाहेबांनी दुसरीकडं पिटाळलंय?"

"बसणार आहे."

"मग पुढंच बस. कोर्टातली माझी साक्ष तू कधी ऐकलीच न्हाईस."

तेवढ्यात कोर्टाचा शिपाई पाण्याची कळशी घेऊन आमच्याजवळून गेला. "काय मास्तर, आज कुणाला आत घालताय?" त्याने जाता जाता विचारलं. आजूबाजूचे हसले. दादाही हसले. इतकी वर्षं हा विनोद ऐकून मीही हसत आले होते, त्या दिवशी मात्र माझं तोंड नुसतं वाकडं झालं.

माझे वडील मुकुंद हेंद्रे हे शिंपी. तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर आमचं दुकान होतं आणि ठाण्यातल्या सगळ्यांचे गणवेश दादा शिवायचे. त्यामुळे ठाण्याला पंच लागला की पहिली हाक दादांना. पोलिसांना चोरीचा माल काढायचा, झडती घ्यायची, तर दोन तिऱ्हाईत माणसं सोबत हवीत, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघावं आणि मग पंचनाम्यावर सही करावी, असं कायदा म्हणतो. दादा कधीकधी पोलिसांबरोबर जीपमधून जायचे. कधीकधी हवालदारच रस्ता ओलांडून यायचा, कागद कापडाच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, जरा." दादा कात्री बाजूला ठेवून सही करायचे. पुढे केस उभी राहिली की साक्ष द्यायची. गावात याचा त्यांना मान होता. हेंद्रे मास्तरांच्या शब्दावर कोर्ट चालतं, असं लोक म्हणायचे. दादांनाही ते आवडायचं, आणि मला तर फारच.

मी तेव्हा तांबोळी वकिलांकडे ज्युनिअर होते. रशीद तांबोळी म्हणजे तालुक्यातले आरोपींचे वकील. त्यांचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक सतत करकरणारा पंखा. माझ्या वडिलांना ते चांगले ओळखत, कारण उलटतपासात त्यांची दादांशी कितीतरी वेळा गाठ पडलेली होती. मी कामाला लागले त्या आठवड्यातच त्यांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या बापाला मी आजवर हलवू शकलो नाही बघ. मी प्रश्न विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं. कोणीतरी त्याला फार छान तयार करतं. पोलिसांचं हे काम नव्हे, त्यांना एवढी अक्कल नाही."

मी त्यावर फाइलीत डोकं घातलं होतं. का, ते पुढे सांगते.

आजची केस होती मारुती कल्हईवाल्याची. गावातल्या एका आडत्याच्या घरी चोरी झाली होती. सोन्याच्या पाटल्या आणि मोहनमाळ गेली. पोलिसांनी मारुतीला धरलं. भांड्यांना कल्हई करत दारोदार फिरणारा, गावाबाहेरच्या माळावर झोपडी बांधून राहणारा माणूस, त्याला धरणं सगळ्यांत सोपं. पोलिसांचं म्हणणं असं, की मारुतीने दोन पंचांसमोर 'दागिने कुठे पुरलेत ते दाखवतो' म्हणून सांगितलं आणि झोपडीच्या कोपऱ्यातली जमीन उकरून काढून दिले. याखेरीज त्याच्याविरुद्ध काहीही नव्हतं. दुसरा पंच हॉटेलात कामाला होता, तो गाव सोडून कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळी केस दादांच्या एकट्याच्या जिभेवर उभी होती. जामिनाला कोणी उभा न राहिल्याने मारुती वर्षाहून जास्त काळ कोठडीत होता. "मास्तर हलले नाहीत तर त्याला आणखी दोन-तीन वर्षं नक्की," तांबोळीसाहेब म्हणाले होते.

आदल्या संध्याकाळी मी ती फाइल नीट वाचायला घेतली आणि पंचनाम्यावरची तारीख बघून तशीच बसून राहिले. सतरा जानेवारी.

सतरा जानेवारीला सकाळी दादा मारुतीच्या झोपडीत नव्हते. ते माझ्याबरोबर मुंबईत होते. त्या दिवशी मला वकिलीची सनद मिळाली. आदल्या रात्रीच्या एसटीने आम्ही निघालो होतो. गाऊन दादांनी स्वतः शिवला होता, रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते, चुरगळू नये म्हणून. शपथ झाल्यावर एका स्टुडिओत जाऊन आम्ही दोघांनी फोटो काढला. तो फोटो दुकानात शिलाई मशीनच्या वर, संत नामदेवांच्या तसबिरीशेजारी लावलेला होता. माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा तो दाखवत. "हात वर करा... छाती... ही बघा, आमची शैला. सनद घेतली त्या दिवशीचा."

आयुष्यातल्या सगळ्यांत अभिमानाच्या दिवशी आपण दुसरीकडे कुठे असल्याची सही त्यांनी करून ठेवली होती. आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण सही करताना तारीख बघायची असते, हेच त्यांना कधी वाटलं नव्हतं.

हे मी तांबोळीसाहेबांना सांगितलं नाही. दादांनाही नाही. घरी आम्ही शेजारी बसून जेवलो. जेवण झाल्यावर दादा साक्षीच्या शर्टाला इस्त्री करत बसले आणि मी त्यांच्याकडे बघत बसले. साहेबांना सांगावं तर बापाला भर कोर्टात उघडं पाडायचं. न सांगावं तर तो माणूस आणखी वर्षं आत काढणार. दादांना सांगावं तर... तिथे मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. दादांना सांगितलं असतं तर त्यांनी सकाळपर्यंत उत्तर तयार केलं असतं. ते कसं करायचं, ते त्यांना चांगलं येत होतं.

सकाळी दादांची कॉलर बघून झाल्यावर ते साक्षीदारांच्या बाकावर जाऊन बसले आणि मी पाणी प्यायला मागच्या बाजूला गेले. तिथे पायरीवर मारुतीची बायको बसली होती. गोदा. प्रत्येक तारखेला ती माळावरून चालत यायची आणि नवऱ्याला पोलिसांच्या गाडीतून उतरताना आणि परत चढताना बघून जायची.

"ताई, आज मास्तरांची पाळी हाय न्हवं?" तिने विचारलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो हसरा होता.

"हो."

"मग झालं की! आज सुटतंय बगा आमचं मानूस."

"असं कसं म्हणता?"

"कसं म्हंजे? मास्तर आमच्या झोपडीत आलंच न्हवतं. मी हुते की तितं. पोलिसं आलं, ह्येला वडत घिऊन गेलं, बास. मास्तर आसतं तर मी वळकलं नसतं व्हय? तुमच्या घरची पातेली, परात, समदं आमीच कल्हई करतोय दर दिवाळीला." ती उठून माझ्याजवळ आली. "आता मास्तर सायबाला तेवडंच सांगत्याल, मी न्हवतो म्हून. देवमानूस हाय ते. मी ह्येलाबी सांगितलंय, घाबरू नगंस, साक्षीला मास्तर हायती."

तिला वाटत होतं, साक्ष म्हणजे जे झालं ते सांगणं. कायद्याची पदवी घेऊन बसलेल्या मला तिच्याकडे मान वर करून बघवेना. पाणी न पिताच मी आत गेले.

पुकारा झाला. दादा पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सरतपास सुरू केला आणि दादा बोलायला लागले.

फार सुरेख बोलले. सुरेख हाच शब्द आहे, काय करू. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. आरोपी आपल्यासमोर काय म्हणाला, जीप कुठे थांबली, झोपडीचं दार कुठल्या अंगाला, आत किती अंधार, कोपऱ्यात ठेवलेला भाता आरोपीने आधी बाजूला कसा केला आणि मग खुरप्याने माती कशी उकरली. फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या. फडक्याचा रंग. शिंपी असल्यामुळे कापडाचं वर्णन ते नेहमीच जरा जास्त करत, आणि त्यामुळेच ते खरं वाटे.

"तो आरोपी आज कोर्टात आहे?"

"आहे." दादांनी मारुतीकडे बोट दाखवलं. "हाच तो."

मारुतीने हात जोडले. दादांनी आपल्याला ओळख दिली असंच त्याला वाटलं असावं. तो हात जोडून तसाच उभा राहिला, मास्तर आता पुढचं सांगतील म्हणून. मागच्या भिंतीला टेकून गोदा उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलेलं नव्हतं, फक्त भुवया जवळ आल्या होत्या.

तांबोळीसाहेब उलटतपासाला उठले.

आता मघाचं सांगते. दादांना कोण तयार करत होतं, ते.

मी करत होते. मी पाचवीत असल्यापासून सनद मिळेपर्यंत. साक्षीच्या आधीच्या रविवारी दुकान बंद असायचं. हवालदाराने पंचनाम्याची नक्कल दिलेली असायची. दादा मशीनच्या स्टुलावर बसायचे, ते साक्षीदार. मी अस्तराचं काळं कापड खांद्यावर टाकून कापायच्या टेबलावर पाय सोडून बसायची, मी आरोपीचा वकील. मी नक्कल वाचून प्रश्न काढायची आणि दादा उत्तरं द्यायचे. जिथे अडकतील तिथे आम्ही दोघं मिळून उत्तर बसवायचो. "दादा, तुम्ही म्हणता अंधार होता, मग फडक्याचा रंग कसा दिसला?" असं विचारलं की दादा खूश होऊन टेबलावर थाप मारायचे. "वा रे पोरी! हे कुणाच्या बापाच्या ध्यानात येणार न्हाई." मग आम्ही हवालदाराच्या हातात बॅटरी द्यायचो. त्यांना उभं कसं राहायचं तेही मी सांगायची. सरळ समोर बघायचं, आवाज वाढवायचा नाही. आणि सगळ्यांत हुशारीची गोष्ट मला सातवीत सुचली होती: पार अडकलात तर 'आठवत नाही' म्हणायचं. 'नव्हतं' म्हणालात तर खोटं ठरवता येतं, 'आठवत नाही' म्हणणाऱ्याला कोणी खोटं ठरवू शकत नाही. दादांनी ही युक्ती अख्ख्या आळीला सांगितली होती. पोरगी वकील होणार, हे तेव्हाच ठरलं. मलाही तेव्हाच ठरवावंसं वाटलं. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळाला नव्हता.

खरं होतं की खोटं, हे मी विचारलं नव्हतं का? एकदा विचारलं होतं. "दादा, तुम्ही खरंच बघितलंत?" ते म्हणाले, "पोलिसांनी बघितलंय की." माझं समाधान झालं होतं.

त्या दिवशी कोर्टात माझ्या खेळातले सगळे प्रश्न एकेक करून तांबोळीसाहेबांच्या तोंडून येत होते. उजेड किती होता? बॅटरी हवालदारांकडे होती. खड्डा केवढा होता? वीतभर. खुरपं कुणाचं? आरोपीचंच, भात्यामागे होतं. पुडक्याला सील कुठे लावलं? तिथेच, झोपडीबाहेर. दादा उत्तर द्यायच्या आत मला ते ठाऊक असायचं. साहेब घामाघूम झाले. दादा एकदाही अडखळले नाहीत. मी आत शिरल्यावर बसायला खुर्ची शोधत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे हळूच बघितलं होतं, आणि आता मधूनमधून बघत होते. त्यांना दाद हवी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी साहेब टेबलाशी वाकले. उलटतपास संपवताना ज्युनिअरला विचारायची त्यांची पद्धत होती. "काही राहिलं का, शैला?"

'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. मी मारुतीकडे बघितलं. त्याचे हात अजून जोडलेले होते, पण आता ते कशासाठी जोडलेत हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

"एक प्रश्न राहिलाय," मी म्हणाले, आणि तारखेचं त्यांच्या कानात सांगितलं.

साहेबांनी पंचनामा ओढून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "खात्री आहे?"

"मी होते ना त्यांच्याबरोबर."

"तू साक्षीला उभी राहशील?"

"नको. ते स्वतःच सांगतील... कदाचित."

"मी विचारू?"

"तुम्ही विचारलंत तर ते 'आठवत नाही' म्हणतील."

"आणि तू विचारलंस तर?"

मला माहीत नव्हतं. साहेब खाली बसले आणि खुर्ची थोडी मागे घेतली. मी उठले. भर कोर्टात मी साक्षीदाराला विचारलेला तो पहिला प्रश्न.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "ॲडव्होकेट हेंद्रे, साक्षीदार तुमचे कोण लागतात?"

"वडील."

"तरी तुम्हालाच विचारायचंय?"

"हो साहेब."

सरकारी वकील काहीतरी पुटपुटले, पण न्यायाधीशांनी हाताने त्यांना थांबवलं. मी दादांकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं. लेक उभी राहिली, एवढंच त्यांना दिसत होतं.

"तुम्हाला मुलगी आहे?" मी विचारलं. कोर्टात खसखस पिकली.

"आहे."

"काय करते?"

"वकील आहे." दादा जरा ताठ झाले.

"तिला सनद मिळाली तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर होता?"

"होतो तर! मुंबईला गेलो होतो दोघं. गाऊन मी शिवला." ते न्यायाधीशांना सांगत होते.

"त्या दिवशी तारीख काय होती, ते आठवतं तुम्हाला?"

दादांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांची नजर टेबलावरच्या पंचनाम्यावर गेली, तिथून माझ्यावर आली. भारी कापडावर कात्री चुकीची चालून गेली की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. त्यांना कळलं होतं. मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं, हेही कळलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून जेवले होते, त्यांची कॉलर बघून 'बसलीय' म्हणाले होते.

'आठवत नाही' म्हणा, असं मी मनात म्हणत होते. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला मारुती सुटायला नको होता. दादांनी तेवढे दोन शब्द म्हणावेत, मी खाली बसावं आणि माझंही कर्तव्य झालेलं असावं, इतकंच मला हवं होतं.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

दादांनी समोर बघितलं नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले.

"आठवते," ते म्हणाले. "सतरा जानेवारी. ती तारीख मी कसा विसरेन?"

"परत कधी आलात?"

"दुसऱ्या दिवशी. एसटीनं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मग सतरा जानेवारीच्या या पंचनाम्यावर सही कुणाची?"

"सही माझीच हाय साहेब." दादांचं कोर्टातलं शुद्ध बोलणं सुटलं होतं.

"तुम्ही तिथे होता?"

"न्हवतो."

मागून गोदाचा आवाज आला, शेजारच्या बाईला सांगणारा. "म्हटलं न्हवतं म्या? मास्तर खरं बोलत्याल."

बाहेर आल्यावर ती व्हरांड्यात दादांच्या पाया पडली. आजूबाजूला हवालदार उभे होते, सकाळचा शिपाई उभा होता. दादा मागे सरकत होते आणि ती पुढे सरकून त्यांच्या चपलांना हात लावत होती. "उठ बाई, उठ," एवढंच ते म्हणत होते. मग ते एकटेच घरी गेले. मी तांबोळीसाहेबांच्या मागे फाइली घेऊन चालत राहिले. ऑफिसच्या दाराशी कुलूप काढताना साहेब म्हणाले, "मास्तरांना तयार कोण करत होतं, ते आज कळलं मला." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मारुती सुटला. निकालपत्रात पंचाबद्दल दोन कडक वाक्यं होती. ठाण्याचे गणवेश त्या महिन्यापासून दुसऱ्या शिंप्याकडे गेले, आणि जे हवालदार येताजाता दुकानात टेकायचे ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागले. दादा मला त्यावरून एक शब्दही बोलले नाहीत. फोटो भिंतीवरच राहिला, पण तो गिऱ्हाइकांना दाखवणं त्यांनी बंद केलं. माप घेताना ते आता फक्त माप घेत.

आणि माझं मात्र नाव झालं! सख्ख्या बापालाही जिने सोडलं नाही ती वकीलबाई, अशी ओळख पसरली. वकिलांच्या खोलीत माझ्यासाठी पेढे आणले. माळावरून, तांड्यावरून, जिल्ह्याच्या कोठडीतून माणसं माझं नाव विचारत यायला लागली. पुढे मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचं ऑफिस थाटलं, तीही वाट त्या एका प्रश्नातूनच निघाली. सरकारी वकिलाच्या जागेबद्दल मला दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा मी नको म्हटलं. लोकांना वाटतं ते तत्त्व आहे. मागे एका लॉ कॉलेजात माझी ओळख करून देताना प्राध्यापिका म्हणाल्या, मॅडमना वकिलीची प्रेरणा लहानपणी वडिलांकडून मिळाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी साडीच्या पदराशी चाळा करत बसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

निकालानंतरच्या दिवाळीत मी दुकानात गेले होते. रविवार होता, दुकान बंद होतं आणि दादा आत बसून माझ्याच गाऊनची उसवलेली शिवण घालत होते. मी कापायच्या टेबलावर बसले. पाय आता जमिनीला टेकत होते.

"दादा, एक विचारू?"

"विचार की."

"देवळातल्या समईची केस होती ना, मी सातवीत असताना? त्यात भीमा म्हणून होता. त्याला शिक्षा झाली होती. त्या वेळी तुम्ही तिथं होतात का?"

मशीन थांबलं. दादांनी सुई वर घेतली, दोरा तोडला नाही.

"आणि विहिरीवरच्या पंपाची? ती सायकलींची? दादा, यातल्या कुठल्या वेळी तुम्ही खरंच तिथं होतात?"

नावं मला पाठ होती. प्रश्न काढायला मीच ती पाठ केली होती. ती माणसं किती दिवस आत राहिली, त्यांच्या बायका कुठल्या पायरीवर बसून राहिल्या, ते मात्र मला माहीत नव्हतं. दादांना तरी माहीत असेल, म्हणून विचारत होते. एकदा तरी 'होतो' म्हणतील, म्हणून विचारत होते.

दादांनी मान वर केली. आवाज न वाढवता, सरळ समोर बघत, मी शिकवलं होतं तसंच ते म्हणाले,

"आठवत न्हाई."